मुलाखतीत डावललं जाण्याआधी आणि नंतर : नोकरी शोधायला निघालेल्यांसाठी मार्गदर्शक

१९७९ साली ह्यूस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेशासाठी सुमारे ८०० जणांच्या मुलाखती घेतल्या, क्रम लावला आणि वरच्या नावांमधून १५० जण घेतले. मग राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० जागा भरायला सांगितलं. तोवर वरची मुलं दुसरीकडे रुजू झाली होती, म्हणून मुलाखतीत अगदी तळाला गेलेल्यांना बोलवावं लागलं. पुढे संशोधकांनी दोन्ही गटांची तुलना केली. परीक्षेत, रुग्णांबरोबरच्या कामात आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातही त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

पहिल्याच काही नकारांनी खचलेल्या प्रत्येकाला मी ही हकिकत सांगते. गप्पांच्या ओघात घेतलेली, आधी काही न ठरवता केलेली मुलाखत माणसाची पारख करायला फार कच्ची असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर समोरचा माणूस प्रश्नाच्या अर्थाकडे न पाहता ठरलेल्या सूत्राने वाटेल ते हो-नाही करत होता. मुलाखत घेणाऱ्यांना ते लक्षातही आलं नाही आणि आपल्याला हा माणूस कळला असंच त्यांना वाटत राहिलं.

तेव्हा नकार आला म्हणजे तुमच्यात काही कमी होतं, असं गृहीत धरू नका. मात्र सगळे वाईट अनुभव एकाच प्रकारचे नसतात. काही ठिकाणी प्रक्रिया ढिसाळ असते, काही ठिकाणी तुमचा फायदा घेतला जातो आणि काही ठिकाणी सरळसरळ भेदभाव होतो. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, पण तिन्हींची सुरुवात एकच : आधी विचारा आणि जे ठरलं ते लेखी घ्या. उमेदवाराच्या हातात याहून मोठी ताकद नाही, म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी तिथेच परत येणार आहे.

पहिली पायरी : अर्ज करण्याआधी जाहिरात तपासा

प्रत्येक जाहिरातीमागे रिकामी जागा असतेच असं नाही. काही कंपन्या पुढे कधी गरज लागली तर नावं हाताशी असावीत म्हणून बायोडेटा जमवतात. काही जाहिराती जागा भरल्यावरही कुणी काढत नाही. काही ठिकाणी माणूस आतून आधीच ठरलेला असतो आणि नियम पाळल्याचं दिसावं म्हणून जाहिरात दिलेली असते.

ओळखायचं कसं? तीच जाहिरात काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा वर येत असेल, कामाचं वर्णन कुठल्याही पदाला लागू पडेल इतकं मोघम असेल, पगाराचा आणि विभागाचा उल्लेख नसेल, तर अर्ज करायला हरकत नाही, पण त्यावर आठवडा घालवू नका. उलट, अटी इतक्या बारीक असतील की त्या एकाच माणसाला बसाव्यात, तर जागा बहुधा त्याच माणसाची आहे. अशा ठिकाणी बोलावणं आलं तर जरूर जा, पण त्या एका मुलाखतीसाठी बाकीचे अर्ज थांबवू नका. फोनवर सरळ विचारा, "ही जागा सध्या रिकामी आहे का आणि कधीपर्यंत भरायची आहे?" प्रश्न साधा आहे. खरी जागा असेल तर उत्तरही साधंच मिळतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने तर १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीतच जागा खरोखर रिकामी आहे की नाही हे सांगणं बंधनकारक केलं आहे.

पैसे मागितले की तिथेच थांबा. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, पडताळणी शुल्क, परत मिळणारी अनामत, नाव काहीही असो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं तत्त्वच असं आहे की खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. नोकरी लावून देतो म्हणून तुमच्याकडून पैसे मागणाऱ्याशी बोलणं पुढे नेण्यात काहीच अर्थ नाही. बँक खात्याचा तपशील आणि ओळखपत्रांच्या प्रतीही नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय देऊ नका.

दुसरी पायरी : बोलावणं आलं की आधी प्रश्न विचारा

नवखे उमेदवार इथे गप्प बसतात. विचारलं तर संधी जाईल, अशी भीती असते. माझा अनुभव उलट आहे. नीट शब्दांत विचारणाऱ्या माणसाबद्दल चांगलंच मत होतं आणि विचारल्यामुळे जी संधी जाते ती पुढे त्रासच देणार असते.

एकूण किती फेऱ्या होतील, प्रत्येक फेरीत कोण असेल, लेखी चाचणी किंवा असाइनमेंट आहे का, निर्णय साधारण कधी होईल आणि पगाराची मर्यादा किती ठरली आहे, एवढं विचारायचं. फोनवर उत्तरं मिळाली तर त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका : "आज बोलल्याप्रमाणे एकूण तीन फेऱ्या असतील, दुसऱ्या फेरीत लेखी चाचणी असेल आणि महिनाअखेरीस निर्णय कळेल, असं मी समजते. काही चुकलं असेल तर कळवावं." पुढे फेऱ्या वाढत गेल्या, तर तुमच्याकडे बोट ठेवायला ही मेल असते.

फेऱ्या वाढवल्याने निवड चांगली होते, हा समज जुना आहे. गूगलने स्वतःच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चार मुलाखतींनंतर आणखी मुलाखती घेऊन निर्णयात फारशी भर पडत नाही असं त्यांना आढळलं. म्हणून चौथीनंतर पुन्हा बोलावलं तर विचारा, "या फेरीत कोणती गोष्ट तपासायची राहिली आहे?" उत्तर नेमकं मिळालं तर जा. "साहेबांना एकदा भेटायचंय" एवढंच उत्तर असेल, तर आत कुणाचं कुणाशी एकमत नाही असं समजा आणि जायचं की नाही ते तुमच्या गरजेप्रमाणे ठरवा.

तिसरी पायरी : असाइनमेंट की फुकटचं काम?

या पायरीवर सर्वांत जास्त थांबायला हवं, कारण नवख्या मुलामुलींची सर्वांत जास्त लूट इथे होते. प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगणं ही पद्धत मुळात वाईट नाही. गप्पांपेक्षा ती न्याय्यच आहे, कारण ओळख नसलेल्या, बोलायला बुजणाऱ्या माणसालाही तिथे हात दाखवता येतो. पण चाचणी आणि काम यांतली रेघ पुसली गेली की उमेदवार फुकट राबतो.

चाचणी असेल तर ती सगळ्यांना सारखी असते, काही तासांत संपते, त्यातली माहिती काल्पनिक किंवा जुनी असते आणि केलेल्या कामावर नंतर कुणीतरी तुमच्याशी बसून बोलतं. काम करून घ्यायचं असेल तर त्यांचा चालू ग्राहक असतो, त्यांची खरी आकडेवारी असते, मुदत "परवा सकाळपर्यंत" असते आणि हवं असतं ते सगळं तयार : पूर्ण आराखडा, महिन्याभराच्या पोस्ट, चालणारा कोड, भाषांतर केलेलं अख्खं प्रकरण. काम दिल्यावर "छान आहे, अजून एक करून दाखवा" असं ऐकू आलं तर शंका घ्यायला जागाच उरत नाही.

अशा वेळी एकदम नकार द्यायची गरज नाही. मर्यादा तुम्हीच घाला : "मी या चाचणीला तीन तास देऊ शकेन. एवढ्या वेळात मांडणी आणि पहिला भाग पूर्ण करीन. उरलेला भाग कसा केला असता ते चर्चेत समजावून सांगेन." काम मोठंच असेल तर मोबदल्याचं विचारा : "हे काम दोन-तीन दिवसांचं दिसतं. एवढ्या मोठ्या चाचणीसाठी आपण मानधन देता का?" प्रामाणिक संस्था एक तर मानधन देते, नाही तर चाचणी लहान करते. जी संस्था चिडते, तिने तुमचे दोन-तीन दिवस वाचवले.

काम पाठवताना फाइलवर तुमचं नाव आणि तारीख घाला, शक्य तिथे बदल न करता येणाऱ्या स्वरूपात पाठवा आणि मेलमध्ये एक ओळ लिहा : "हे काम फक्त निवड प्रक्रियेसाठी केलं आहे, इतर वापरासाठी माझी लेखी परवानगी घ्यावी." एवढ्याने चोरी थांबेलच असं नाही. पण पुढे वाद झाला तर काम कुणाचं, कधीचं आणि कशासाठी केलेलं, याचा पुरावा तुमच्या मेलमध्ये असतो.

चौथी पायरी : मुलाखतीत बसल्यावर

चांगल्या मुलाखतीत सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात आणि गुण द्यायचे निकष आधी ठरलेले असतात. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जुन्या संशोधनाची पुन्हा मोजदाद केली, तेव्हा पुढच्या कामगिरीचा अंदाज देण्यात अशी बांधीव मुलाखत सगळ्यांत वरच्या जागी आली. अनुभवाची नुसती वर्षं मोजणं बरंच खाली गेलं. "अनुभव नाही" म्हणून परत पाठवलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

तुमच्यासमोर बांधीव मुलाखत नसेल, तर तुम्हीच तिला थोडा आकार द्या. सुरुवातीलाच विचारा, "या पदावर पहिल्या सहा महिन्यांत कोणती कामं व्हायला हवीत?" जे उत्तर येईल, त्यातल्या एकेका कामाशी तुमचा एकेक प्रसंग जोडा. काय अडलं होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं. शिकत असतानाचा प्रकल्प, संघात केलेलं काम, घरच्या व्यवसायातली जबाबदारी, हे सगळं चालतं. विमानात किती चेंडू मावतील असली कोडी अजूनही काही जण घालतात. गूगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख असलेल्या लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच अशा कोड्यांचा निवडीला काही उपयोग नाही असं जाहीरपणे सांगितलं होतं. तरीही कोडं आलंच तर अचूक उत्तराच्या मागे न लागता विचार मोठ्याने मांडत जा.

आता खासगी प्रश्न. लग्न कधी करणार, मूल कधी, धर्म-जात कोणती, घरी कोण कोण, तब्येतीची काही तक्रार आहे का. बऱ्याच देशांत यांतले काही प्रश्न विचारण्यावर बंधनं आहेत. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार नोकरी देऊ करण्याआधी प्रकृतीबद्दल विचारायला, काही अपवाद वगळता, मनाई आहे. पण खुर्चीत बसलेलं असताना कायद्याचं कलम आठवून फायदा नसतो, तिथे तोंडावर वाक्य लागतं. प्रश्नामागची चिंता कामाची असेल असं धरून तिचं उत्तर द्या : "वेळेबद्दल विचारत असाल तर या पदाच्या वेळा मला जमणार आहेत." पुन्हा खोदलं तर शांतपणे म्हणा, "याचा या कामाशी संबंध कसा, ते सांगाल का?" या वाक्याने बहुतेक जण भानावर येतात. तरीही थांबले नाहीत, तर तुम्ही उत्तर देणं लागत नाही. आणि त्या क्षणी पोटासाठी नोकरी हवीच असल्याने तुम्ही उत्तर दिलंत, तरी त्यात तुमचा काही दोष नाही. प्रश्न विचारणाऱ्याने चूक केली आहे.

"आधी किती मिळत होतं?" हा प्रश्न खासगी वाटत नाही, पण नुकसान तोच जास्त करतो. पहिल्या नोकरीत कमी पगारावर घेतलेला माणूस प्रत्येक पुढच्या ठिकाणी त्याच आकड्यावरून मोजला जातो. म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून हा प्रश्न बंद करायचं ठरवलं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या पगार-पारदर्शकतेच्या निर्देशातही तो विचारायला मनाई आहे. तुमच्याकडे अशी बंदी असो वा नसो, उत्तर असं द्या : "या पदासाठी ठरलेली मर्यादा कळली तर मला नेमका आकडा सांगता येईल." खोटा आकडा मात्र कधी सांगू नका. पगाराची पावती मागतात आणि मग ऑफर जाते, नावही जातं.

मुद्दाम अपमान करून "ताणात कसे वागता ते पाहत होतो" म्हणणारेही भेटतात. एखादा प्रश्न कडक असणं वेगळं, पण तुमच्या कॉलेजवर, बोलण्याच्या लहेजावर, कपड्यांवर टोमणे मारणं ही चाचणी नव्हे. तुम्हाला वागवायची त्यांची हीच पद्धत असेल, तर ती रुजू व्हायच्या आधी कळलेली बरी. "मला वाटतं आपण इथेच थांबूया, वेळ दिल्याबद्दल आभार" असं म्हणून उठता येतं.

पाचवी पायरी : समोर माणूस नसेल तेव्हा

हल्ली पहिली चाळणी बरेचदा संगणक करतो, कधी मुलाखतही कॅमेऱ्यासमोर एकट्याने द्यावी लागते. यंत्र निःपक्षपाती असतं, असं मानू नका. अ‍ॅमेझॉनने तयार करत असलेली एक प्रणाली सोडून दिल्याची बातमी २०१८ मध्ये आली. ती प्रणाली दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर शिकली होती, ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते आणि म्हणून ती स्त्रियांचे बायोडेटा खाली ढकलत होती. व्हिडिओ मुलाखतींचं काम करणाऱ्या हायरव्ह्यू कंपनीने चेहऱ्यावरच्या हावभावांचं विश्लेषण २०२१ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं.

तुम्ही एवढं करा : बायोडेटा साधा ठेवा. दोन रकाने, चित्रं, आलेख टाळा. जाहिरातीत कौशल्याला जो शब्द वापरला आहे, तोच तुमच्याकडे ते कौशल्य खरंच असेल तर वापरा. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार आणि ते माणूस पाहणार की यंत्र, हे विचारा. ऐकण्या-बोलण्याची किंवा दिसण्याची अडचण असेल, तर आधीच दुसरी सोय मागा.

सहावी पायरी : उत्तरच येत नाही तेव्हा

सर्वांत जास्त जीव जातो तो या शांततेत. सुट्टी घेऊन, तयारी करून दिलेल्या, चांगल्या झालेल्या मुलाखतीनंतर एक ओळही येत नाही. आत काय चाललेलं असतं? पहिल्या पसंतीचा उमेदवार अजून हो-नाही करत असतो, म्हणून तुम्हाला नकारही देत नाहीत. मंजूर झालेला खर्च वरून थांबवलेला असतो. किंवा तुमची फाइल ज्याच्याकडे होती तोच नोकरी सोडून गेलेला असतो. यातलं काहीच तुमच्या लायकीबद्दल बोलत नाही. तरी दोन ओळींचा नकार पाठवायला कुणालाही फार वेळ लागत नाही आणि तो न पाठवणं हा निव्वळ अनादर आहे, असं माझं ठाम मत आहे. ओंटारियोच्या त्याच नव्या नियमांत, मुलाखत दिलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत निर्णय कळवायची सक्ती आहे.

मुलाखतीतून उठतानाच विचारा, "कधीपर्यंत कळेल?" ती तारीख उलटून दोन दिवस झाले की एक मेल, आणखी आठवड्याने दुसरी. दुसऱ्या मेलमध्ये लिहा, "पुढच्या शुक्रवारपर्यंत काही कळलं नाही, तर ही जागा भरली असं समजेन." तिसरी पाठवू नका. तुमच्या वहीत ते पान बंद करा. आणि मधल्या काळात दुसरीकडे अर्ज करणं एक दिवसही थांबवू नका, मुलाखत कितीही छान झाली असली तरी.

नकार आला तर कारण विचारायला हरकत नाही, पण "माझं काय चुकलं?" असं विचारलं तर उत्तर येत नाही, वादाच्या भीतीने लोक गप्प बसतात. "पुढच्या वेळी कोणत्या एका विषयाची तयारी जास्त करू?" याला कधी कधी खरं उत्तर येतं. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये तर स्वतःबद्दल नोंदवलेली माहिती मागायचा कायदेशीर हक्क उमेदवाराला आहे. मुलाखत घेणाऱ्याने तुमच्याबद्दल लिहून ठेवलेले शेरेही त्यात येऊ शकतात.

सातवी पायरी : ऑफर आली की सहीआधी

तोंडी ऑफरवर हातची नोकरी सोडू नका, दुसरीकडच्या मुलाखतीही रद्द करू नका. पत्रात पद, पगार, कामाचं ठिकाण, वेळ, परिवीक्षेचा काळ, नोटीस पीरियड आणि रुजू व्हायची तारीख बोलण्याप्रमाणेच आहेत का ते ओळीवर बोट ठेवून वाचा. "ते नंतर वाढवून देऊ" हे पत्रात नसेल, तर ते मिळणार नाही असं धरा. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड असेल, तर रक्कम आणि अट जाणकाराला दाखवा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका. ती दाखवायची, प्रती द्यायच्या, मूळ परत घ्यायची. "आत्ताच्या आत्ता सांगा" म्हणत असतील तर दोन दिवस लेखी मागा.

आठवी पायरी : भेदभाव झाला असं वाटत असेल तर

भेदभाव एकट्या उमेदवाराला बहुधा दिसत नाही, तो शेकडो अर्ज शेजारी ठेवल्यावर दिसतो. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलाइनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बॉस्टन आणि शिकागोमध्ये सारखीच पात्रता असलेले सुमारे ५,००० बायोडेटा पाठवले. २००४ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार कृष्णवर्णीयांची वाटणारी नावं असलेल्यांपेक्षा गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्यांना सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली भारतातल्या खासगी नोकऱ्यांबाबत असाच अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्या पात्रतेच्या अर्जांवर दलित आणि मुस्लिम नावं असली की बोलावण्याची शक्यता घटत होती. म्हणून "तुला उगाच तसं वाटतं" असं कुणी म्हटलं तर गप्प होऊ नका. पण तक्रार करायची तर वाटण्याला नोंदीची जोड हवी.

मुलाखत झाली त्याच संध्याकाळी लिहून काढा : तारीख, वेळ, समोर कोण होतं, कोणता प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारला, तुम्ही काय उत्तर दिलंत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट अर्ज करतानाच घेऊन ठेवा, कारण नंतर ती नाहीशी होते. मग आधी संस्थेच्या मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर तुमच्याकडच्या कामगार खात्याकडे किंवा समानतेसाठी नेमलेल्या आयोगाकडे. मुदतीची चौकशी सगळ्यात आधी करा. अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार साधारणपणे १८० दिवसांत करावी लागते, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांत. विचार करता करता मुदत निघून गेली, तर पुरावा असूनही उपयोग होत नाही.

प्रत्येक वेळी लढायलाच हवं असं नाही. पोटापाण्याची घाई असताना तक्रारीपेक्षा पुढचा अर्ज महत्त्वाचा वाटला तर तोच करा, नोंद मात्र ठेवा. आणि मधूनच बाहेर पडायचं ठरवलंत, तर इतकंच लिहा : "या पदासाठीचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. मी दिलेल्या कागदपत्रांच्या प्रती आणि चाचणीचं काम आपल्याकडून काढून टाकावं आणि तसं कळवावं." कारण द्यायला तुम्ही बांधील नाही. फोनवरून विचारलं तरी "मेलमध्ये लिहिलं आहे" एवढं म्हटलं की पुरे.